बांगाईची पिल्लं: लाइट लागला तरी सगळी जिवंत!

मंडळी, जमलं! आज सकाळी टायमरने लाइट लावला आणि बांगाई कार्डिनल या समुद्री माशाचं एकही पिल्लू गरगर फिरून आडवं पडलं नाही. दुसरा आठवडा उलटून गेलाय.

मागच्या बॅचचं रडगाणं तुम्ही ऐकलंच आहे. पिल्लं खात होती, पोटं नारिंगी दिसत होती, सॅलिनिटी ३५, अमोनिया शून्य. तरी कुणी दार आपटलं की दोन-तीन पिल्लं ताठ होऊन तळाला. आमच्या मागच्या मैदानात ढोलपथकाचा सराव चालू, त्यामुळे पहिला संशय तिकडे गेला. पण मोठ्या टँकमधली जोडी त्याच दणदणाटात निवांत. आवाज हे निमित्त होतं, खरी भानगड खाण्यात होती. सडन फ्राइट सिंड्रोम. पिल्लांना चारतो त्या आर्टेमियात (कोळंबीसारखा बारीक जीव) डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल जवळपास नसतंच आणि त्याच्यावाचून वाढलेलं पिल्लू जरा दचकलं की संपतं.

म्हणून या वेळी सगळा जोर एन्रिचमेंटवर, म्हणजे आर्टेमियालाच आधी डीएचए चारण्यावर, आणि तीही वेळ सांभाळून. सिस्ट (आर्टेमियाची सुकी अंडी) २७-२८ अंशांना साधारण २४ तासांत फुटतात, पण ताज्या नॉप्लियाचं, म्हणजे नुकत्याच निघालेल्या अळ्यांचं, तोंड उघडलेलंच नसतं. पहिली कात टाकल्यावर, म्हणजे आणखी आठेक तासांनी, त्या खायला लागतात. त्याआधी बाटलीत काहीही ओता, नुसतं पाणी नासतं. आता संध्याकाळी हॅचरी उतरवून नॉप्लिया धुतो, नव्या खाऱ्या पाण्यात रात्रभर एअर स्टोनवर ठेवतो, पहाटे पहिला डोस आणि दुपारी दुसरा. पिल्लांना खायला घालायच्या आधी पुन्हा धुणं आलंच. पोटात भरलेलं डीएचए काही तासांत उतरायला लागतं, म्हणून उरलेल्या नॉप्लिया थेट फ्रिजमध्ये, ताकाच्या शेजारी. घरच्यांची यावर स्वतंत्र मतं आहेत.

तेलकट इमल्शन मला पटलं नाही. फेस होतो, बाटलीला चिकट थर बसतो आणि थेंबभर जास्त पडलं तर नॉप्लियाच मरतात. शिझोकायट्रियम या डीएचएयुक्त सूक्ष्मजीवाची पावडर कोमट पाण्यात मिक्सरवर फिरवून वापरा, हाताला सोपी आहे. मिक्सरचं भांडं मात्र वेगळं घ्या.

केबल टाय जोडून केलेला नकली काळा सी-अर्चिनही (काटेरी गोल समुद्री प्राणी) कामी आला. इंडोनेशियात, सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांपाशी, ही पिल्लं डायडेमा जातीच्या सी-अर्चिनच्या काट्यांत लपतात. इथे प्लॅस्टिकच्या काट्यांत तितक्याच विश्वासाने शिरली. पट्टे ठळक, शेपट्या ताणलेल्या. मी स्टूल ओढून कितीतरी वेळ बघत बसलो, चहा गार झाला.

बापाची तब्येत आता सुधारतेय. अंडी-पिल्लं तोंडात धरून महिनाभर तोंड मिटून उपाशी, गाल फुगलेले, आणि सोडल्यासोडल्या मादी पुन्हा भोवती नाचायला हजर! मध्ये जाळी टाकलीय. त्याला नीट खाऊन अंगावर मांस चढल्याशिवाय पुढची बॅच नाही.

नवीन जोडी शोधणाऱ्यांना एकच सांगतो. ‘टँक-ब्रेड’ (टँकमध्येच वाढवलेले) या शब्दावर जाऊ नका, समोर पेलेट खाताना बघा. समुद्रातून पकडून आणलेल्यांत इरिडोव्हायरस हा विषाणू निघतो. मला एका विक्रेत्याने अशीच जोडी गळ्यात मारली होती, क्वारंटाइनमध्येच गेली. शिवाय २००७ पासून हा मासा आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात आलेला आहे. तरंगणाऱ्या अळीची अवस्था नाही, तोंडातून बाहेर येतात ती थेट आर्टेमिया खाणारी पिल्लं. घरी वाढवता येण्यासारखा याहून सोपा समुद्री मासा मला तरी माहीत नाही.

पुढे ओसेलारिस क्लाउनफिशच्या पिल्लांसाठी रॉटिफर (खाद्य म्हणून वाढवायचे सूक्ष्मजीव) लावायचं ठरलं होतं. पण लिहितालिहिता वाटतंय, आधी या टँकमध्येच टिस्बे (बारीक कोपेपॉड जीव) सोडावेत. पिल्लं दिवसभर टिपत राहतील आणि सगळी भिस्त पहाटेच्या डोसवर राहणार नाही. सम्पमधल्या (फिल्टरच्या टाकीतल्या) कीटोमॉर्फा शेवाळाचा गुच्छ झटकला तर थोडे मिळतील, पण त्यासोबत काय काय येईल याचा भरवसा नाही. म्हणजे रॉटिफर लांबणीवर. पुण्यात कुणाकडे स्वच्छ टिस्बे कल्चर असेल तर सांगा, रविवारी डबा घेऊन येतो. बदल्यात केबल टायचा अर्चिन करून देईन.