१००४ नंबरचा मालक

आमच्याकडे फायली तीन ठिकाणी पसरल्या होत्या: अकाउंट्सचा विंडोज सर्व्हर, डिझाइनवाल्यांचा लिनक्स सर्व्हर आणि पगार विभागाचं जुनं एनएफएस (नेटवर्कवरून फायली वाटून देण्याची पद्धत) मशीन. ‘एस ड्राइव्हवर टाकलंय’ असं कुणी म्हटलं की समोरचा विचारायचा, कुणाच्या? म्हणून सगळं एका झाडाखाली, म्हणजे एकाच फोल्डर-रचनेत, आणायचं ठरलं. वेगवेगळ्या सर्व्हरवरचे फोल्डर एकाच रस्त्याने दाखवायला विंडोजला डीएफएस नेमस्पेस, लिनक्सला ऑटोएफएस, फोल्डरांची नावं दोन्हीकडे तीच. एवढं काम खरंच सोपं होतं.

चाचणीच्या दिवशी डिझाइनच्या मशीनवरून पगाराच्या फोल्डरात एलएस -एल ही फायलींची यादी दाखवणारी आज्ञा दिली, तर मालकाच्या रकान्यात डिझाइनमध्ये नुकत्याच रुजू झालेल्या मुलीचं नाव! शेजारचा सहकारी म्हणाला, “हिने पगारपत्रकं कधी केली?” मी एलएस -एन दिलं, म्हणजे नावांऐवजी नंबर दाखवणारी यादी. नावाच्या जागी आकडा आला, १००४.

एनएफएसच्या नेहमीच्या ऑथ-सिस या ओळख पटवण्याच्या पद्धतीत सर्व्हरकडे माणसाचं नाव जातच नाही, जातो तो यूआयडी, म्हणजे खात्याचा नंबर. बहुतेक लिनक्स मशीनवर खाती १००० पासून सुरू होतात, त्यामुळे पगाराच्या मशीनवर १००४ म्हणजे तिथल्या एक ज्येष्ठ बाई आणि इकडे ही मुलगी. पूर्वी त्या मशीनच्या फायली फक्त पगार विभागालाच एक्सपोर्ट होत्या, म्हणजे नेटवर्कवर खुल्या होत्या, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. आता त्या मुलीने फाइल उघडली असती तर सर्व्हरने बिनबोभाट दिली असती. तो एक्सपोर्ट तिथल्या तिथे बंद केला.

रस्ता एक करणं सोपं, माणसं एक करणं हे खरं काम. सगळी खाती एलडीएपीत, म्हणजे सगळ्या मशीनना सामाईक अशा खात्यांच्या यादीत, आणली. नंबर बदलताना मात्र एक मेख होती. १००४ चा सरळ १०१७ केला आणि १०१७ च्या फायली आधीपासून असल्या, तर दोघांची खिचडी झाली, ती पुन्हा वेगळी होत नाही. म्हणून सगळ्यांना २०००० च्या पुढचे, कधीच न वापरलेले नंबर दिले. मग फाइंड -यूआयडी लावून जुन्या नंबरच्या फायली शोधल्या आणि चाऊन -एच ने त्यांचा मालक बदलला. हा -एच विसरला की सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण) सोडून तिच्या पलीकडच्या फाइलचा मालक बदलतो.

बॅकअपवाल्याने विचारलं, जुन्या टेप रिस्टोअर केल्या तर? बॅकअप बांधणारा टार प्रोग्राम मालकाचं नाव आणि नंबर दोन्ही ठेवतो. रूटने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) रिस्टोअर करताना तो आधी नाव शोधतो, नाही सापडलं तर नंबर लावतो. म्हणजे नोकरी सोडून गेलेल्यांच्या फायली जुन्याच नंबरने परत येणार. म्हणून २०००० च्या खालचा नंबर नव्या माणसाला द्यायचाच नाही, असं ठरलं.