तुम्ही विचारलंत म्हणून: चाळ पाडायच्या कागदावर सही कशी झाली

"तू तर हेरिटेजवाली ना? मग गिरगावातली स्वतःची चाळ पाडायला तयार कशी झालीस?" लग्नात, मयताला, गणपतीच्या आरतीनंतर, कुठेही गाठून मला हे विचारलं जातं. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आमची चाळ फोटोत पाहिलेली असते, आणि फोटोत ती खरंच देखणी होती. संडासापुढची रांग फोटोत येत नाही, पण तो मुद्दा मी काढणार नाही. रांगेला कंटाळून सही करायची असती, तर ती कधीच झाली असती.

2012 साली हेरिटेज समितीची, जपायच्या वारसा इमारतींची, वाढीव यादी आली आणि आपला पुनर्विकास अडेल म्हणून शिवाजी पार्कचे रहिवासी खवळले, तेव्हा तिथे राहणाऱ्या माझ्या आत्याशी मी कडाकडा भांडले होते. फ्लॅटचा भाव बघून वारसा ठरवता का, असं तिला चक्क पत्र लिहून विचारलं होतं. आतेभावाने ते पत्र जपून ठेवलंय आणि संधी मिळाली की त्याचा फोटो मला पाठवतो. पाठवू दे. त्यातलं एक वाक्यही मी मागे घेत नाही. आत्याच्या सोसायटीला दुरुस्तीची ऐपत होती आणि मन नव्हतं. आमचं नेमकं उलट होतं.

आता नियमांचं. 1995 च्या हेरिटेज नियमावलीप्रमाणे यादीतल्या इमारतीला रंग द्यायचा तरी पालिका आयुक्तांची लेखी परवानगी लागायची. आमची चाळ श्रेणी 3 मधली, म्हणजे यादीतल्या सगळ्यात खालच्या पायरीवरची. पण 1999 साली सरकारने श्रेणी 3 मधल्या उपकरप्राप्त इमारतींना, म्हणजे आमच्यासारख्या दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारतींना, पुनर्विकासापुरतं हेरिटेज समितीच्या मंजुरीतून मोकळं केलं. म्हणजे रंगवायची तर विचारा, आणि पाडून टॉवर बांधायचा तर समितीकडे जायचं कारणच नाही! वर, अशा इमारतींच्या पुनर्विकासाच्या 33(7) या नियमाखाली पाडली की 3 एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम. राखली तर काय? वारसा इमारतीत अडकून पडलेला एफएसआय टीडीआर म्हणून, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क म्हणून, विकायची सोय नियमात आहे. पण मुंबई शहरात मूळ एफएसआय 1.33, आणि आमची तळ अधिक तीन मजल्यांची चाळ तो ओलांडूनच उभी होती. शिल्लकच नाही तर विकणार काय? आमच्या खोलीचं भाडं महिना 38 रुपये. मालक म्हणायचे, तुमच्या अख्ख्या मजल्याच्या भाड्यात खिडक्यांच्या बिजागऱ्या येत नाहीत. त्यांचा मला भयंकर राग यायचा. हिशोब मात्र बरोबर होता.

तरी मी अडून बसले होते. चाळ कमिटीकडून वर्गणी काढून स्ट्रक्चरल ऑडिट करवून घेतलं ते मीच, बिल्डरचा माणूस खोटं बोलतोय हे सिद्ध करायला. ऑडिटला आलेल्या पोराने आमच्या खोलीत, वरच्या बिऱ्हाडाच्या मोरीखालची फळी काढली आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितला. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांनी आपला जुना, लाकडी मुठीचा दिला. त्याने तो तुळईच्या मधोमध टोचला. सागवान टणक, नुसता ओरखडा उठला. मग शिडी सरकवून भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी टोचला, तर मुठीपर्यंत आत. बाहेर काढल्यावर पात्याला चहाच्या चोथ्यासारखा ओला लगदा. अण्णा म्हणाले, "अहो, मधलं लाकूड बघा ना, अजून शंभर वर्षं जाईल." तो म्हणाला, "काका, तुळई टोकांवरच पेलते." वरच्या मोऱ्यांचं पाणी किती वर्षं मुरत होतं, देव जाणे.

मी दुरुस्तीसाठी दोन अर्ज केले. एकाला उत्तर म्हणून तळमजल्याच्या वहिनींच्या दारासमोर टेकू उभे राहिले. त्यांना तिरकं होऊन घरात शिरावं लागायचं. दुसऱ्याचं उत्तर पत्राने आलं: मूळ स्वरूप न बदलता, सागवानच वापरून दुरुस्ती करण्यास हरकत नाही. खर्चाबद्दल एक ओळ नाही. हरकत आम्हाला तरी कुठे होती?

त्याच पावसाळ्यात रात्री संडासाला निघालेल्या अण्णांचा पाय गॅलरीच्या फळीतून आरपार गेला. मांडीपर्यंत अडकले. शेजारच्या दोघांनी बगलेत धरून उपसून काढलं. हाड मोडलं नाही, सोलवटले फक्त. दुसऱ्या रात्रीपासून ते खोलीतच भांडं घ्यायला लागले आणि सकाळी ते मला उचलू देत नसत, टॉवेलखाली झाकून स्वतः घेऊन जायचे. वय 81. यावर मी कधी कुणाशी बोलले नाही. आज सांगतेय, कारण "लोभाने सही केली" हे मागच्या महिन्यात परत ऐकलं.

भाडेपावती अण्णांच्या नावावर, त्यामुळे सही त्यांची लागली. कागद मी पुढे केला. "खांब कुठे जातील गं?" एवढंच त्यांनी विचारलं. गॅलरीचे कोरीव खांब. मी म्हटलं, बघू. त्यातले दोन आता नव्या इमारतीच्या लॉबीत पॉलिश मारून उभे आहेत, कशालाही आधार न देता. अण्णांनी ते पाहिले नाहीत. नवी इमारत होईपर्यंत आम्हाला जिथे ठेवलं होतं, त्या संक्रमण शिबिरातच ते वारले.

आणि लोभ? असेल. नियमातल्या किमान 300 चौरस फुटांपेक्षा आम्हाला थोडी जास्तच जागा मिळाली. लिफ्ट आहे. स्वतःच्या संडासाचं दार लावून घेण्यात काय सुख असतं, ते मी नाकारणार नाही.

कोणी म्हणेल, यादीसाठी अजून लढायचं होतं. एस्प्लनेड मॅन्शन यादीतच होती की! 1896 साली ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली ती तिथेच, तेव्हाच्या वॉटसन हॉटेलात. 2005 साली तिचा एक भाग कोसळलाच. राजाबाई टॉवर नीट झाला, कारण एका मोठ्या कंपनीने पैसे दिले. भाडेकरूंच्या मोऱ्यांना कोण देणगीदार मिळणार? तरीही यादी नकोच, असं मला म्हणवत नाही. ती नसती तर गिरगावातल्याच जुन्या घरांच्या खोताच्या वाडीत आज उरलीत तेवढी तरी घरं उरली असती का, मला शंका आहे.

परवा पलीकडच्या चाळीतली दोन मुलं संमतीपत्राचा नमुना घेऊन सल्ला विचारायला आली. मी सांगितलं, सही करू नका. कोणत्या तोंडाने, ते त्यांनी विचारलं नाही, विचारलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं. त्यांच्या मोऱ्या पाठीमागे, वेगळ्या बांधलेल्या आहेत, तुळयांची टोकं कोरडी आहेत, आणि त्यांचा मालक दुरुस्तीचा निम्मा खर्च द्यायला तयार आहे. आमचा नव्हता.