पाथमधली स्पेस आणि शेवटचा बॅकस्लॅश : माझा अनुभव

प्रोजेक्टचा फोल्डर मी डी:\काम मधून डी:\काम\नवीन प्रोजेक्ट मध्ये हलवला आणि इतके महिने नीट चालणारा विंडोजवरचा बिल्ड (कोडपासून तयार प्रोग्राम बनवायची प्रक्रिया) पडला. कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नव्हतं. कंपाइल सगळं व्यवस्थित, पण शेवटच्या स्टेपला आमचा एक छोटा प्रोग्राम तयार फाइल्स पॅक करतो, तिथे एरर, की डी:\काम\नवीन हा फोल्डर सापडत नाही. पाथ, म्हणजे फोल्डरचा पूर्ण पत्ता, स्पेसपाशी तुटलाय हे लगेच कळलं, म्हणून त्याच्याभोवती डबल कोट्स घातले आणि बिल्ड परत चालवला.

आता एरर वेगळीच, पाथमध्ये चुकीचं अक्षर आहे म्हणे, आणि वर कमांडमध्ये पाथनंतर द्यायचा मोड दिलेला नाही अशीही तक्रार, आणि मोड तर समोर ओळीत दिसत होता! मग सिंगल कोट्स लावून बघितले, पण विंडोजवर ते कोट म्हणून धरलेच जात नाहीत, पाथ पुन्हा स्पेसपाशी तुटला. लिनक्सच्या सवयीने स्पेसच्या आधी बॅकस्लॅशही टाकून पाहिला, त्यानेही काही नाही. यात अख्खी दुपार गेली.

शेवटी अंदाज बांधणं बंद केलं आणि पाच-सहा ओळींचा एक प्रोग्राम लिहिला, त्याला जी आर्ग्युमेंट्स (कमांडमध्ये प्रोग्रामच्या नावापुढे दिलेले तुकडे) मिळतात ती नंबर टाकून चौकटी कंसात छापायची, बस्स. पॅकरच्या जागी तो लावला. कमांड अशी होती:

पॅक "डी:\काम\नवीन प्रोजेक्ट\बिन\" --मोड रिलीज

आणि छापून आलं हे:

1 [डी:\काम\नवीन प्रोजेक्ट\बिन" --मोड रिलीज]

तीन आर्ग्युमेंट्स हवी होती, मिळालं एकच! आणि नीट बघा, बिनच्या पुढचा बॅकस्लॅश गायब आहे आणि कोट मात्र पाथच्या आत जाऊन बसलाय.

कारण असं, की विंडोजवर नवीन प्रोग्रामला अख्खी कमांड एकाच स्ट्रिंगमध्ये मिळते, तिचे तुकडे तो प्रोग्राम स्वतः करतो, आणि तुकडे करायच्या नेहमीच्या नियमात बॅकस्लॅश एरवी साधा बॅकस्लॅशच असतो पण त्याला लागून डबल कोट आला की तो कोट साधं अक्षर धरला जातो. म्हणजे बंद करायला लावलेला कोट बंद झालाच नाही आणि पुढचं सगळं पाथला चिकटलं. आमच्या बिल्ड टूलमध्ये आउटपुट फोल्डरच्या व्हेरिएबलच्या शेवटी कायम बॅकस्लॅश असतो. आधी पाथमध्ये स्पेस नव्हती, म्हणून कोट्स नव्हते, म्हणून हे कधी दिसलंच नाही.

उपाय दोन. शेवटी बॅकस्लॅश डबल करायचा, म्हणजे दोनाचा एक होतो आणि कोट नीट बंद होतो, किंवा व्हेरिएबलनंतर एक टिंब द्यायचं, "डी:\काम\नवीन प्रोजेक्ट\बिन\." असं. टिंब म्हणजे तोच फोल्डर, त्यामुळे पाथ बरोबरच राहतो आणि कोटच्या आधी बॅकस्लॅश येत नाही. मी टिंब ठेवलं, कारण डबल बॅकस्लॅश बघून कुणीतरी टायपिंगची चूक समजून एक नक्की काढणार. शेजारी कमेंटही लिहिली.

मग लिनक्सवरची स्क्रिप्ट तपासली. तिथे $आउटपुट या आउटपुट फोल्डरच्या व्हेरिएबलला कोट्सच नव्हते, शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) स्पेसवर तुकडे करत होतं. तिथे डबल कोट्सच हवेत, सिंगलमध्ये व्हेरिएबलची किंमत येत नाही, नाव तसंच्या तसं पुढे जातं. जीएनयू मेक हे बिल्ड टूल तर फाइलची नावं स्पेसनेच वेगळी करतं, तिथे कोट्स लावून भागत नाही, म्हणून सगळे पाथ रिलेटिव्ह, म्हणजे चालू फोल्डरपासून सुरू होणारे केले, वरच्या फोल्डरचं नाव मध्ये येतच नाही.

आता रात्रीचा बिल्ड मी मुद्दाम "चाचणी फोल्डर (1)" नावाच्या फोल्डरमध्ये चालवतो. पहिल्याच रात्री आणखी एक चूक सापडली, बॅच फाइलमध्ये (विंडोजच्या कमांड्सची स्क्रिप्ट) इफ या अटीच्या कंसात पाथचं व्हेरिएबल होतं आणि पाथमधल्या बंद कंसाने इफचा ब्लॉकच मध्येच बंद केला. तिथे कोट्स घातल्यावर बिल्ड शेवटपर्यंत गेला.