मारुती 800 : फ्लश टाकला नाही, चेंबर उतरवलं

तर राजेहो, इंजिनातला ऑईलचा काळा गाळ धुवून काढायला फ्लशचा डबा आणून ठेवला होता तो तसाच कपाटात आहे, उघडलाच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गाडी 2003 ची, 796 सीसी तीन सिलिंडरवाली, काकांकडून आली. काकांनी ती बावीस वर्षं जिवापाड जपली पण चालवली नागपुरातच, धरमपेठ ते सिव्हिल लाईन्स, दोन-अडीच किलोमीटर जायचं अन् तेवढंच यायचं, एवढ्यात इंजिन धड तापत नाही, मग आतला ओलावा अन् न जळलेलं पेट्रोल उडून न जाता ऑईलमध्येच मुरत जातं. त्यात किलोमीटर कमी म्हणून ऑईल दोन-दोन वर्षं बदललंच नाही. ऑईल निस्तं किलोमीटरवर नाही तर महिन्यांवरही बदलायचं असते हे कमी चालणाऱ्या गाडीवाल्यांना कोणी सांगतच नाही.

ऑईल टाकायचं झाकण उघडून टॉर्च मारला तर आतून काळं, ग्रीससारखं. निस्ता तपकिरी थर असता तर मी सोडून दिलं असतं, तो वार्निश, त्याने काही बिघडत नाही. पण हे बोटाने खरवडून निघून राहिलं होतं. शिवाय सकाळी स्टार्ट केल्यावर ऑईलचा लाल लाईट विझायला दोन-तीन सेकंद घेत होता, म्हणजे ऑईलचं प्रेशर उशिरा येत होतं, अन् मला खरी भीती त्याचीच वाटली.

मिस्त्री म्हणे, भाऊ, अर्धा लिटर डिझेल टाका, दहा मिनिटं आयडल ठेवा, सगळं निघून येते. बाटलीतला फ्लशही जवळपास तेच करतो, जुन्या ऑईलमध्ये टाकायचा, गाडी न चालवता दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची अन् ड्रेन करायचं. पण गाळ विरघळायच्या आधी त्याचे पापुद्रे सुटतात, ते चेंबरमध्ये (इंजिनखालचं ऑईल साठायचं भांडं) पंपाच्या जाळीवर जाऊन बसले की पंपाला ऑईल ओढता येत नाही अन् बेअरिंग कोरडे पडतात. वरून पातळ झालेल्या ऑईलची फिल्म तेवढा वेळ कमजोर, अन् जुन्या सीलवर गाळच बूच होऊन बसला असला तर तो निघाल्यावर गळती सुरू. नियमित ऑईल बदललेल्या गाडीला फ्लशने काही होणार नाही, पण तिला फ्लश पाहिजेच कशाला?

म्हणून रविवारी पहाटे साडेपाचला सुरुवात केली, कारण नऊनंतर आमच्या अंगणात उभं राहवत नाही. ऑईल काढलं, चेंबरचे बोल्ट सोडले. तळाशी बोटभर जाडीचा काळा लगदा अन् जाळी निम्म्याच्या वर बंद! फ्लश टाकला असता तर उरलेली निम्मीही गेली असती, हे पाहून हात थांबले माझे दोन मिनिटं. जाळी पेट्रोलने ब्रशने धुतली, हवा मारली, चेंबर पार पत्रा चमकेपर्यंत पुसलं. मग टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनवरचं झाकण, काढून वरचा गाळ प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला, ऑईल परत जायच्या भोकांत कापड कोंबून ठेवलं होतं म्हणून खाली काही पडलं नाही (कापडं मोजून काढा, एक आत राहिलं तर संपलं). पीसीव्ही व्हॉल्वही चोक होता, तो नवीन टाकला, कारण तो बंद असला की इंजिनातली वाफ बाहेरच जात नाही अन् गाळ परत बनतो. चेंबर अन् टॅपेट कव्हर, दोन्हीची पॅकिंगं नवीन.

आता साधं 20डब्ल्यू-40 मिनरल ऑईल अन् नवा फिल्टर. पहिल्या 500 किलोमीटरला दोन्ही बदलले, जुना फिल्टर करवतीने कापून पाहिला, कागदाच्या घड्यांत बारीक काळी कणी भरपूर होती, म्हणजे ऑईलमधलं डिटर्जंट हळूहळू आपलं काम करून राहिलं. लाल लाईट आता सेल्फ सोडताच विझतो. मागच्या सीलजवळ थोडं ओलं दिसते, थेंब पडत नाही, डिपस्टिक दर रविवारी पाहतो.

पुढचा बदल 1500 किलोमीटरला. तोवर दर आठवड्याला वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत नेऊन आणतो, इंजिन पूर्ण तापलं पाहिजे म्हणून. तो फिल्टरही कापीन, काय निघते ते इथे लिहितो.