अंदाज बरोबर, सौदा तोट्यात

संकट अमेरिकेत सुरू झालं, घरकर्जांचा घोळ अमेरिकेचा, बुडाल्या त्या बँकाही अमेरिकेच्या. मग डॉलर पडणारच. 2008 मध्ये हा तर्क इतका सरळ वाटायचा की त्यावर शंका घेणाऱ्याकडेच लोक संशयाने बघायचे. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी जुलैत एका युरोला 1.60 डॉलर मोजावे लागत होते. ऑक्टोबर संपता संपता तो भाव 1.25 च्याही खाली आला. ज्या देशाच्या बँका कोसळत होत्या, त्याच देशाचं चलन वर चाललं होतं.

मी तेव्हा एका बँकेच्या ट्रेझरीत मिड ऑफिसला होते. चलनाचे सौदे डीलर करतात. त्यांनी किती पोझिशन उघडी ठेवली आहे (म्हणजे किती सौदे अजून मिटवलेले नाहीत), ठरलेली मर्यादा ओलांडली का, भाव रात्रीतून उलटा फिरला तर सकाळी किती खड्डा पडलेला असेल, हे मोजायचं काम आमचं. डीलर मंडळींना आमचं तोंड बघायला आवडत नाही आणि त्यात त्यांची फारशी चूकही नाही. पण या खुर्चीचा एक फायदा असतो. स्वतःचं कुठलंच मत पणाला लागलेलं नसतं, त्यामुळे बाजार काय म्हणतोय यापेक्षा कोणाला काय करणं भाग आहे, हे जरा लवकर दिसतं. रोजच्या तक्त्यात प्रत्येक चलनापुढे मी एक जादा रकाना काढला होता: या चलनात देणं कोणाचं आहे? तो रकाना कोणी मागितलेला नव्हता. पण त्या हिवाळ्यात उरलेल्या सगळ्या तक्त्यापेक्षा तोच जास्त उपयोगी पडला.

येनचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. जपानमध्ये व्याजदर अर्धा टक्का, ऑस्ट्रेलियात 7.25 टक्के. येनमध्ये कर्ज काढा, ते विकून ऑस्ट्रेलियन डॉलर घ्या आणि मधला पावणेसात टक्क्यांचा फरक दरवर्षी खिशात टाका. हाच कॅरी ट्रेड. कित्येक वर्षं हा धंदा इतका सुरळीत चालला की त्यात जोखीम आहे हे म्हणणारा माणूस कंटाळवाणा ठरायचा. जुलै 2008 मध्ये एका ऑस्ट्रेलियन डॉलरला 104 येन मिळत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस 55. तीन महिन्यांत 47 टक्के साफ, म्हणजे सुमारे सात वर्षांचं व्याज गेलं. आणि हे कर्जाच्या जोरावर पोझिशन न फुगवलेल्या माणसाचं गणित. ज्याने दहापट लिव्हरेज घेतलं होतं, त्याचं मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवलेली स्वतःची रक्कम, भाव 94 च्या आसपास आला तेव्हाच संपलं होतं. पुढची घसरण त्याने बाहेर उभं राहून पाहिली असेल.

आता यात अर्थव्यवस्थांचा अंदाज लावून बघा. 2009 मध्ये जपानची अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून अधिक आकसली, अमेरिकेची अडीच टक्क्यांच्या आसपास. ऑस्ट्रेलिया तर मंदीच्या रूढ व्याख्येत बसलाच नाही. चीनने नोव्हेंबर 2008 मध्ये चार लाख कोटी युआनचं पॅकेज जाहीर केलं आणि त्यातल्या बांधकामांना लागणारं लोहखनिज मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियातूनच जात होतं. म्हणजे एखाद्याने 2008 च्या उन्हाळ्यात अगदी अचूक भाकीत केलं असतं की जपानची अवस्था वाईट होणार आणि ऑस्ट्रेलिया तरून जाणार, आणि त्या भरवशावर येन विकून ऑस्ट्रेलियन डॉलर घेतले असते, तर तो शंभर टक्के बरोबर ठरून पुरता धुतला गेला असता. येन चढला तो जपान बरा होता म्हणून नाही. जगभर ज्यांनी येन उसने घेतले होते त्यांना ते परत करायचे होते, आणि परत करायचे तर आधी विकत घेणं भाग होतं. सगळ्यांना, एकाच वेळी. 27 ऑक्टोबरला जी-7 देशांना येनचं नाव घेऊन निवेदन काढावं लागलं, इतकी ही झुंबड होती.

डॉलरचंही तेच, फक्त आकडे मोठे. युरोपातल्या बँकांनी अमेरिकेतल्या मनी मार्केट फंडांकडून (लोकांचे पैसे थोड्या मुदतीच्या कर्जांत गुंतवणाऱ्या योजनांकडून) थोड्या मुदतीचे डॉलर घेऊन ते लांब मुदतीच्या अमेरिकी कर्जरोख्यांत घातले होते. लेहमन बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी रिझर्व्ह प्रायमरी फंडाच्या युनिटचा भाव एक डॉलरवरून 97 सेंटवर आला. गुंतवणूकदारांनी अशा फंडांतून पैसे काढायला सुरुवात केली आणि फंडांनी बँकांना द्यायचे डॉलर आखडते घेतले. हाताशी युरो आहेत, पण उद्या सकाळी फेडायचे आहेत डॉलर. अशा बँकेला अमेरिकेच्या भवितव्याबद्दल काय वाटतं याला अर्थच उरत नाही. ती मिळेल त्या भावाने डॉलर घेते. शेवटी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने इतर मध्यवर्ती बँकांना स्वॅपच्या मार्गाने, म्हणजे त्यांचं चलन ठेवून घेऊन आणि मुदतीनंतर उलट अदलाबदल करायच्या बोलीवर, डॉलर पुरवले. 13 ऑक्टोबरला युरोपीय मध्यवर्ती बँक, बँक ऑफ इंग्लंड आणि स्विस नॅशनल बँक यांच्यासाठी त्यावरची मर्यादाच काढून टाकली. डिसेंबरात ही रक्कम 580 अब्ज डॉलरच्या घरात पोचली. घाबरलेला पैसा आसऱ्यासाठी अमेरिकेकडे धावला, असं सांगितलं जातं. तेही खरं आहे, पण माझ्या मते त्या धावण्यातला बराचसा भाग आसऱ्याचा नव्हता, वसुलीचा होता.

याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. देणेकऱ्यांची धावपळ थांबल्यावर, म्हणजे मार्च 2009 नंतर, डॉलर उतरायला लागला आणि नोव्हेंबरात युरो पुन्हा 1.50 ला टेकला. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2009 मध्ये व्याजदर वाढवले. जी-20 मधली ही पहिलीच. त्यांचं चलन 0.60 अमेरिकी डॉलरवरून निघून जुलै 2011 मध्ये 1.10 वर गेलं. म्हणजे अंदाजाला किंमत नाही असं नाही. रांगेत त्याचा नंबर दुसरा आहे, एवढंच. आधी देणी फिटतात, मग भविष्याकडे बघायला लोक मोकळे होतात. ही अदलाबदल नेमकी कोणत्या आठवड्यात होणार ते सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

हे सगळं मोठ्या बँकांपुरतं राहिलं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. संकटाच्या आधी हंगेरी आणि पोलंडमध्ये लाखो साध्या कुटुंबांनी घरासाठी स्विस फ्रँकमध्ये कर्ज घेतलं होतं. पगार देशी चलनात, हंगेरीत फोरिंटमध्ये, हप्ता मात्र फ्रँकवर. व्याज कमी म्हणून बँकांनी विकलं, लोकांनी घेतलं. या कुटुंबांना कोणी चलनाचे सट्टेबाज म्हटलं नसतं, पण त्यांची पोझिशन हुबेहूब कॅरी ट्रेडवाल्याची होती, आणि तीही वीस-तीस वर्षांची, स्टॉप लॉसशिवाय (म्हणजे भाव ठरावीक पातळीला गेला की सौदा मिटवायची सूचना न देता). 2008 च्या उन्हाळ्यात एक फ्रँक दीडशेपेक्षा कमी फोरिंटना मिळायचा. ऑगस्ट 2011 मध्ये तो अडीचशेच्या वर गेला. पगार तोच, घर तेच, हप्ता मात्र भलताच.

6 सप्टेंबर 2011 ला स्विस नॅशनल बँकेने जाहीर केलं की युरोचा भाव 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही, त्यासाठी लागतील तेवढे युरो विकत घेऊ. बाजाराने हे पक्कं धरलं. भाव 1.20 च्या जरा वर आला की युरो घ्यायचा आणि 1.1990 च्या आसपास स्टॉप लॉस लावायचा, हा जवळजवळ फुकटचा सौदा समजला जाऊ लागला. माझ्यासारख्यांना याची धास्ती वाटायची. तक्त्यात जोखीम जवळपास शून्य दिसते, कारण भाव हलतच नाही. मॉडेलला गेल्या काही महिन्यांतली हालचाल दिली की ते म्हणतं, झोपा निवांत.

15 जानेवारी 2015 ला सकाळी बँकेने ती मर्यादा एका निवेदनासरशी काढून टाकली आणि त्याच निवेदनात ठेवींवरचा व्याजदर उणे 0.75 टक्के केला. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली कोसळला. 1.1990 च्या स्टॉप लॉसला त्या भावात घेणारा कोणी नव्हताच. सौदे कितीतरी खाली मिटले. मार्जिनच्या पलीकडे तोटा होऊन लोकांच्या खात्यांत उणे रकमा दिसू लागल्या आणि काही ब्रोकर त्यात बुडाले. स्टॉप लॉस म्हणजे भावाची हमी नव्हे, ती फक्त विकण्याची सूचना आहे, हे कागदोपत्री सगळ्यांना ठाऊक होतं.

हंगेरी यातून थोडक्यात वाचला. 2014 च्या अखेरीस तिथल्या सरकारने कायदा करून फ्रँकमधली घरकर्जं सुमारे 256 फोरिंटच्या भावाने देशी चलनात बदलायचं ठरवलं होतं. तेव्हा कर्जदार कुरकुरले, भाव फार लावला म्हणून. जानेवारीत फ्रँक तीनशे फोरिंटच्या वर गेला तेव्हा कुरकुर थांबली. पोलंडने तसं केलं नाही. 2008 मध्ये दोन झ्लॉटीच्या आसपास असलेला फ्रँक त्या दिवशी चारच्या वर गेला. ती भांडणं पुढे कोर्टात पोचली आणि 2019 मध्ये युरोपीय न्यायालयाने कर्जदारांना अनुकूल निकाल दिल्यावर दाव्यांची रीघ लागली. दोन्ही देशांचे विकासदर त्या काळात काय होते, हे त्या घरांपैकी कोणाच्याही हप्त्यात उमटलं नाही.

एव्हाना ‘आउटलुक’, म्हणजे पुढच्या काळाचे अंदाज, लिहिणाऱ्यांवर मी जरा जास्तच घसरले आहे असं वाटेल. त्यांचंही काम सोपं नव्हतं. 2011 नंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधी वाढीचा एक आकडा द्यायचा आणि पुढच्या खेपेला तो खाली आणायचा, हे वर्षानुवर्षं चाललं. पण सगळ्यात गाजलेलं भाकीत नोटा छापण्याबद्दलचं होतं. फेड नवा पैसा काढून कर्जरोखे घेत होती. तिचा ताळेबंद संकटाआधी सुमारे 900 अब्ज डॉलरचा होता, तो 2014 च्या अखेरीस साडेचार लाख कोटींवर गेला. नोव्हेंबर 2010 मध्ये 23 अर्थतज्ज्ञ आणि गुंतवणूकदारांनी फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांना जाहीर पत्र लिहून इशारा दिला की यातून चलनाचं अवमूल्यन आणि महागाई येईल. पुढच्या दशकात ती महागाई आली नाही. डॉलर निर्देशांकाने (प्रमुख चलनांच्या तुलनेत डॉलरचा भाव) मार्च 2008 मध्ये 71 च्या आसपास जो तळ गाठला होता, त्याखाली तो नंतर गेलाच नाही. कारण युरोप आणि जपानही तेच करत होते, आणि चलनाचा भाव नेहमी दुसऱ्या चलनात मोजला जातो. सगळ्यांना एकाच वेळी आपलं चलन स्वस्त हवं होतं. ब्राझीलचे अर्थमंत्री गिदो मांतेगा सप्टेंबर 2010 मध्ये याला चलनयुद्ध म्हणाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी परदेशी पैशावरचा कर दोन टप्प्यांत सहा टक्क्यांवर नेला.

मी ती नोकरी केव्हाच सोडली, रकान्याची खोड मात्र सुटली नाही. 31 जुलै 2024 ला बँक ऑफ जपानने दर फक्त 0.25 टक्क्यांवर नेला आणि 5 ऑगस्टला जपानचा शेअर निर्देशांक निक्केई 12 टक्क्यांहून जास्त आपटला, तेव्हा ओळखीच्या तरुण डीलर्सना धक्का बसला होता. पाव टक्क्याने असं होतं का? पाव टक्क्याने होत नाही. सगळे येन उसने घेऊन एकाच दाराने आत गेलेले असले की होतं. एप्रिल 2025 मध्ये मात्र उलट घडलं. अमेरिकेच्या आयातशुल्कांमुळे घबराट पसरली आणि डॉलर चढायच्या ऐवजी पडला. ‘डॉलरचा अंत’ वगैरे मथळे लगेच आले. मला त्यात वेगळं दिसलं. यावेळी परदेशी विमा कंपन्या आणि पेन्शन फंडांकडे डॉलरचं देणं कमी आणि डॉलरमधली गुंतवणूक जास्त होती, आणि तिचा बराचसा भाग हेज केलेला, म्हणजे भावाच्या तोट्यापासून बचावलेला, नव्हता. भाव हलल्यावर त्यांनी हेज घ्यायला सुरुवात केली. हेज घेणं म्हणजे डॉलर वायद्याने, पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून, विकणं.

जगातला चलन व्यवहार एप्रिल 2007 मध्ये रोज 3.3 लाख कोटी डॉलर होता, एप्रिल 2025 मध्ये 9.6 लाख कोटी. दहातल्या जवळपास नऊ सौद्यांत एका बाजूला डॉलर असतो. बाझलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने (मध्यवर्ती बँकांची बँक) 2022 मध्ये दाखवून दिलं की स्वॅप आणि वायद्यांमधून डॉलर देण्याची जी बांधिलकी उभी आहे ती 80 लाख कोटी डॉलरच्या वर आहे, आणि हिशेबाच्या नियमांमुळे ती ताळेबंदात कर्ज म्हणून दिसत नाही. म्हणजे माझ्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा जिथे लिहायचा, तिथलीच नावं कळत नाहीत. चलन व्यवहाराचे हे आकडे देणारी या बँकेची पाहणी होते तीन वर्षांतून एकदा. दर गुरुवारी फेडचा साप्ताहिक ताळेबंद येतो, त्यात मध्यवर्ती बँकांच्या स्वॅपची एक ओळ असते. एरवी ती नगण्य असते. मार्च 2020 पासून काही आठवड्यांत ती 400 अब्जांच्या वर गेली होती. वर्षअखेरीचे रंगीत आउटलुक मी अजूनही चाळते, पण आधी ही ओळ बघते.