सोलापूरच्या मातीत एसयूव्ही: कुडल, मंगळवेढा, उजनी

मार्ग: सोलापूर, हत्तरसंग कुडल, मंगळवेढा, मग करमाळ्याकडचा उजनीचा काठ. गाडी लँड रोव्हर डिफेंडर ११०, एअर सस्पेन्शनची, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारी. महिना फेब्रुवारी. पावसाळ्यात हा बेत आखूच नका.

कुडलला संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा शिलालेख बघून पाणंदीला लागलं की मुरूम सुरू होतो. टायरची हवा ३५ पीएसआयवरून २७ वर आणली की पुरे. इथला खरा शत्रू वेड्या बाभळीचा काटा. तो टायरच्या बाजूला घुसला तर पट्टी मारून भागत नाही, म्हणून स्टेपनी पूर्ण मापाचीच हवी आणि रिम १८-१९ इंची. २२ इंची रिम लग्नाच्या वरातीला ठीक. कंपनी ९०० मिमी पाण्यातून गाडी जाते म्हणते, पण सीना-भीमेच्या पात्रात वाळूउपशाचे खड्डे गढूळ पाण्याखाली दिसत नाहीत. आधी काठी घेऊन माणूस पुढे चालवा.

मंगळवेढ्याची काळी जमीन वाळली की दगड. पण उसाला पाणी सोडलेलं असलं की शेजारची पाणंद ओली होते आणि तिथेच गाड्या रुततात. चिकण माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो. मग कुठलाही मोड लावा, चाक जागेवरच फिरतं. अशा वेळी रेस देऊ नका, गाडी पोटावर बसेल. चाकांपुढची-मागची माती फावड्याने काढा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की इंजिनाची ताकद तोडणारी यंत्रणा) बंद करा आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे घ्या. नाहीच जमलं तर उसाच्या हंगामात ट्रॅक्टर मिळतोच. पट्टा मात्र टो-हुकलाच बांधा. बंपरला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला बांधला तर ट्रॅक्टरवाला तेवढाच भाग घेऊन जाईल.

उजनीचं पाणी हटलं की वरून कोरडी पापडी, खाली लोण्यासारखा गाळ. पायी जाऊन टाच जोरात मारा. पापडी फुटली तर पुढे जाऊ नका. धरली तर हवा २० वर, सस्पेन्शन उंच, वळण मोठं, आणि मध्ये थांबायचं नाही. पाणी हटलेल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, केलेल्या रानात चाक घालू नका. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा माळही या खेळासाठी नाही.

हायवेला लागण्याआधी कंप्रेसरने हवा पुन्हा ३५ करा; कमी हवेवर वेगाने पळवलं की टायर तापून फुटतो. नंतर स्टिअरिंग थरथरलं तर अलाइनमेंटला पैसे घालण्याआधी रिमच्या आतली वाळलेली काळी माती खरवडून काढा. बहुतेक वेळा तीच असते.