सारण गळालेलं क्रियापद

स्पॅनिश शिकायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात 'कोमेर' भेटलं. कोमेर म्हणजे खाणे. 'मी खाते' म्हणजे 'कोमो'. 'कसं'लाही 'कोमो'च, आणि 'जसं'लाही. त्यामुळे "कशी खाते? जशी खाते तशी खाते" हे तिकडे "कोमो कोमो? कोमो कोमो कोमो" एवढ्यात आटपतं. घरच्यांना वाटलं, मी कबुतरांना बोलावतेय.

मूळ शोधलं तर आणखी गंमत. लॅटिनमध्ये खाणं म्हणजे 'एदेरे'. त्यातला 'एद्' हा आपल्या संस्कृत 'अद्' धातूचा चुलतभाऊ. 'अन्न' हा शब्द त्या 'अद्'चाच. पण एदेरेची काही रूपं फारच चिमुकली. 'तो खातो' आणि 'तो आहे' दोन्ही 'एस्त', फरक काय तो ऱ्हस्व-दीर्घाचा. बोलीतून तो ऱ्हस्व-दीर्घ भेदही गेला. मग लोकांनी, विशेषतः स्पेन-पोर्तुगालकडच्या, 'कोमेदेरे' जवळ केलं. 'कोम' हा उपसर्ग, म्हणजे पार, सगळंच. थोडक्यात, फस्त करणं. पुढे बोलता बोलता मधला 'द' विरघळला, स्वर एकमेकांत मिसळले आणि उरलं 'कोमेर'. पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय, आणि खाण्याचा मूळ धातूच गायब! मोदकातलं सारण गळून जावं आणि पारी तेवढी हातात राहावी, तसं.

हसू नये म्हणा. आपणही 'खादति'चं प्राकृतात 'खाइ' केलं आणि 'खाणे'वर आलो. गिळलेला 'द' बोलीत शोधायचा तर 'खादाड'मध्ये सापडतो, आणि तिथे तो शोभतोही.

फ्रेंचांचं 'मांझे' आणि इटालियनांचं 'मांजारे' मात्र लॅटिन 'मान्दुकारे'पासून आलं. त्याचा मूळ अर्थ चावणे, पण बोलीतला बाज आपल्या 'हादडणे'च्या जवळचा असावा. रोमन सम्राट ऑगस्टसच्या एका पत्रातली ओळ त्याचा चरित्रकार सुएटोनियसने जपून ठेवली आहे. रात्रीचा पहिला तास उलटल्यावर स्नानगृहात आपण दोन घास खाल्ले, असं तो लिहितो, आणि क्रियापद वापरतो तेच, मान्दुकारे. एवढ्या साम्राज्याचा धनी, आणि दोन घास हादडतोय न्हाणीघरात! तेही, तोच सांगतो, अंगाला तेल लावायच्या आधी.

आमच्याकडे दिवाळीत अभ्यंगस्नान झाल्याशिवाय चकलीला हात लावला असता तर आजीनं सम्राटालाही सोडलं नसतं.